ऑक्टोबर हीट ओसरताना हवामान अंदाज वाचण्यातल्या या चुका टाळा

परतीचा पाऊस गेला की महाराष्ट्रात ऊन तापायला लागतं. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि जमिनीत अजून ओल, त्यामुळे ३३-३४ अंशांतही घामाच्या धारा लागतात. हा उकाडा एका रात्रीत संपत नाही. तो टप्प्याटप्प्याने उतरतो, आणि अंदाज वाचताना बहुतेकांची फसगत याच दिवसांत होते.

नजर फक्त कमाल तापमानावर

सगळ्यात मोठी चूक हीच. दुपारचा आकडा अजून ३३ दिसतो, म्हणून लोक ‘उकाडा काही हटत नाही’ असं म्हणतात. पण बदल आधी पहाटेच्या आकड्यात उतरतो. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडते. हवेत बाष्प भरपूर असेल तर ते या उष्णतेचा बराच भाग अडवून धरतं. उत्तरेकडून कोरडी हवा आली की ही आडकाठी कमी होते, आणि किमान तापमान भराभर घसरतं. दुपारी मात्र त्याच कोरड्या, स्वच्छ हवेतून ऊन थेट पोचतं, म्हणून कमाल तापमान मागे रेंगाळतं.

तेव्हा तीन गोष्टी एकत्र पाहा. किमान तापमान सलग तीन-चार दिवस उतरतंय का? वारे उत्तर किंवा ईशान्येकडून येतायत का? सायंकाळी साडेपाचची आर्द्रता कमी होतेय का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तर दुपार कितीही तापलेली असो, उकाड्याचा जोर मोडलेला आहे. आणि ‘ईशान्येचे वारे’ म्हणजे ईशान्येकडून येणारे वारे, तिकडे जाणारे नव्हेत. हा घोळ अजूनही फार जण करतात.

कोकण किनाऱ्याला हा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. तिथे जमिनीवरून येणारे पूर्वेचे वारे जोरात असले की समुद्री वारे सुरू व्हायला उशीर होतो, आणि तेवढ्या वेळात पारा चढतो. मुंबईत नोव्हेंबरातही दुपारी ३५ अंश गाठले जातात ते यामुळे. शिवाय मुंबईचा आकडा म्हणजे कोणता, कुलाब्याचा की सांताक्रूझचा, हे आधी बघा. कुलाबा तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेलं आहे, त्यामुळे दोन्हींत काही अंशांचा फरक सहज पडतो.

विभागाचा अंदाज म्हणजे आपल्या गावाचा अंदाज, ही समजूत

हवामान विभागाने राज्याचे कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ असे चार उपविभाग पाडले आहेत. यातल्या एकट्या मध्य महाराष्ट्रात नंदुरबारपासून कोल्हापूर-सोलापूरपर्यंतचे जिल्हे येतात. निफाडला पहाटे हुडहुडी भरलेली असताना सोलापुरात पंखा चालू असतो, आणि अंदाजाची ओळ मात्र दोघांना एकच. म्हणून उपविभागाच्या अंदाजातून फक्त दिशा घ्या, आणि आकड्यांसाठी जिल्ह्याचा किंवा जवळच्या केंद्राचा अंदाज उघडा.

शब्दही मोजून वापरलेले असतात. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंतच्या केंद्रांवर पाऊस. त्याचा जोराशी काही संबंध नाही. तुरळक ठिकाणी होणारा पाऊसही मुसळधार असू शकतो. जोर वेगळा सांगितलेला असतो: २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त झाला, तर तो ‘मुसळधार’. हे २४ तास मध्यरात्रीपासून नव्हे, तर सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे धरतात. पहाटे चारला पडलेला पाऊस आदल्या दिवसाच्या इशाऱ्यात बसतो, आणि लोक म्हणतात अंदाज चुकला.

थंडी लागली म्हणून निश्चिंत होणं

किमान तापमान १६ पर्यंत उतरलेलं असताना दोन रात्रींत ते अचानक २० वर गेलं, तर ‘पुन्हा उकाडा’ म्हणून सोडून देऊ नका. बहुतेक वेळा यामागे ढग किंवा बंगालच्या उपसागराकडून, नाहीतर अरबी समुद्राकडून आलेलं बाष्प असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा दोन्ही समुद्रांत चक्रीवादळं तयार होण्याचा काळ आहे. अशा वेळी कमी दाबाच्या क्षेत्राची बातमी शोधा, उघड्यावरचा माल झाका आणि काढणी दोन दिवस मागेपुढे करता येते का ते बघा.

ढगांचा गडगडाट ऐकू आला, तर शेवटच्या गडगडाटानंतर किमान ३० मिनिटं उघड्यावर जायचं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आसपासच्या विजांचा इशारा देतं. ते फोनमध्ये असू द्या, पण लोकेशन बंद ठेवून नव्हे.

शेतातल्या चुका

या दिवसांत बराच माल दवाने खराब होतो, आणि हा विषय अंदाजात ओझरताच येतो. अंदाजातलं तापमान जमिनीपासून सुमारे सव्वा ते दोन मीटर उंचीवरच्या, सावलीतल्या हवेचं असतं. वारा पडलेल्या निरभ्र रात्री पान, गवत किंवा ताडपत्री त्याहून दोन-तीन अंशांनी, कधी त्याहूनही जास्त थंड होते. म्हणून दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होऊ लागतं) १६ आणि किमान तापमान १८ असलं, तरी सकाळी दहिवर पडलेलं दिसतं.

सोयाबीनच्या गंजीवर प्लास्टिक दिवस-रात्र घट्ट बांधून ठेवणं ही याच दिवसांतली चूक. दिवसा तापलेल्या गंजीतली ओल वर येते, रात्री प्लास्टिक गार पडतं आणि त्याच्या आतल्या अंगाला पाण्याचे थेंब जमतात. सकाळी कागद उचलला की ते टपटप वरच्या थरावर पडतात, आणि तिथेच बुरशी धरते. दव वाळल्यावर, साधारण नऊ-दहाच्या सुमारास गंज उघडा आणि सूर्य मावळायच्या आत झाका. कागद थेट मालावर टाकू नका, मध्ये हवा खेळायला जागा ठेवा. दाण्यातली ओल १२ टक्क्यांवर आली की मग पोती भरा.

गव्हाची घाई हीसुद्धा नेहमीची. पहिली गार पहाट पडली की पेरणी उरकून घ्यायची, मग दुपार पुन्हा तापते, रोप भराभर वाढतं आणि फुटवे कमी येतात. बागायती गव्हासाठी नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा ही वेळेवरची पेरणी.

द्राक्षबागेत छाटणीनंतरच्या कोवळ्या फुटीवर पहाटेचं दव जितका वेळ टिकेल, तितका डाऊनीचा (केवडा या बुरशीजन्य रोगाचा) धोका वाढतो. त्यामुळे पान किती वाजता कोरडं होतं ते रोज टिपून ठेवा. ओल्या पानावर फवारणी केली तर औषध पातळ होऊन ओघळतं. पान सुकल्यावर, पण ऊन चढायच्या आत पंप सुरू करा.