दीर्घकालीन आराखडा आणि लोकसंवाद: निधी मागण्याआधीची तयारी

सार्वजनिक संस्थेचा पंधरा-वीस वर्षांचा आराखडा करायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत विचारलं जातं, खर्च किती येईल? आकड्याकडे वळण्याआधी एक कागद हातात हवा. या आराखड्यामुळे पुढचे कोणते निर्णय बदलू शकतात, ते त्यावर नावानिशी लिहा: नवी जलवाहिनी कुठल्या बाजूने न्यायची, कोणता बसमार्ग वाढवायचा, कोणत्या जुन्या इमारतींवर आता पैसा घालायचा नाही. असे पाच-सात निर्णय लिहिता येत नसतील, तर निधी मागायची वेळ अजून आलेली नाही. त्याच फाइलमध्ये मागचा आराखडाही लावा. त्यातलं काय झालं, काय राहिलं आणि का राहिलं, हे दोन पानांत मांडा. अर्थ विभाग आणि सभागृह दोघंही हे विचारणारच. उत्तर आधीच दिलेलं असेल तर चर्चा पुढे सरकते.

मग पैशाचा प्रकार ठरवा. खरी अडचण इथेच असते. रस्ता, टाकी, इमारत हा भांडवली खर्च. तो डोळ्यांना दिसतो, त्याचं उद्घाटन होतं. नियोजन आणि लोकसंवाद बहुतेक ठिकाणी महसुली, म्हणजे रोजच्या कारभाराच्या, खर्चात धरले जातात आणि तंगीच्या वर्षी कात्री आधी तिथेच लागते. म्हणून या कामाला स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकात स्वतःच्या नावाची नोंद, मागा. ‘इतर प्रशासकीय खर्च’ या गठ्ठ्यात ते जाऊ देऊ नका. दुसरी मागणी कालावधीची. आराखड्याचं काम दोन-तीन आर्थिक वर्षांत पसरतं आणि तरतूद मात्र वर्षाअखेरीस व्यपगत होते, म्हणजे न वापरलेली रक्कम हातातून जाते. उरलेला निधी पुढच्या वर्षात नेण्याची परवानगी, किंवा निदान टप्प्याटप्प्याच्या तरतुदीला सुरुवातीलाच तत्त्वतः मान्यता, ठरावातच लिहून घ्या. नाहीतर मार्चमध्ये पैसे संपवायचे म्हणून सभा उरकल्या जातात. घाईत घेतलेल्या सभेत लोकांचं ऐकून घ्यायला सवड कुणाला असणार?

नियोजनासाठी वेगळा पैसा राखून ठेवणं ही नवी कल्पना नाही. अमेरिकेत 1962 च्या महामार्ग कायद्याने 50,000 पेक्षा जास्त लोकसंख्येच्या नागरी भागांत अखंड, सर्वसमावेशक आणि सहकार्याने चालणारं वाहतूक नियोजन सक्तीचं केलं. 1973 च्या कायद्याने महामार्ग निधीतला अर्धा टक्का महानगर नियोजनासाठी वेगळा काढला. हिस्सा अगदी लहान, पण कायद्याने बांधलेला. त्यामुळे नियोजनाला दरवर्षी हात पसरावे लागत नाहीत. तुमच्या संस्थेतही भांडवली कामांच्या एकूण रकमेचा ठरावीक अंश नियोजनाला जोडता येतो का, हे लेखाधिकाऱ्यांसोबत बसून तपासा. माझ्या मते या सगळ्या तयारीतली सर्वांत मोलाची दुपार तीच.

आता खर्चाची मांडणी. माहिती गोळा करणं, सर्वेक्षण, नकाशे, लोकसंख्येचे अंदाज आणि सल्लागाराची फी यांचे आकडे मागच्या निविदांवरून सहज मिळतात; त्यात फार वेळ घालवू नका. अंदाज कच्चे राहतात ते लोकसंवादाचे. अंदाजपत्रकात त्याच्यापुढे बहुतेक वेळा ‘प्रसिद्धी व छपाई’ एवढंच लिहिलेलं असतं. ते खोडा आणि खर्च फोडून लिहा. ज्या भाषा लोक घरी बोलतात त्यांत भाषांतर, सांकेतिक भाषेचा दुभाषी, चाकाच्या खुर्चीला आत जाता येईल अशी जागा, संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा भत्ता, लहान मुलं घेऊन येणाऱ्यांसाठी मुलांची सोय, रोजंदारी बुडवून येणाऱ्याला प्रवासखर्च आणि मानधन. स्थानिक मंडळं आणि बचत गट लोकांना जमवून आणणार असतील, तर त्यांच्या कामाचे पैसेही धरा. सल्लागाराच्या तासांचे पैसे मोजायचे आणि वस्तीतल्या कार्यकर्तीने ते काम फुकट करावं अशी अपेक्षा धरायची, हा अन्याय आहे. त्याने काम बिघडतंही, कारण दुसऱ्या सभेला ती येत नाही.

शिकवण्याचा खर्चही याच रकान्यात येतो. केरळमध्ये 1996 साली लोकयोजना मोहीम सुरू झाली, तेव्हा राज्याच्या योजना खर्चाचा 35 ते 40 टक्के भाग स्थानिक संस्थांकडे वळवायचं ठरलं. त्यासोबत राज्य, जिल्हा आणि स्थानिक पातळीवर प्रशिक्षणाची मोठी साखळी उभी राहिली. अंदाजपत्रक वाचायला कुणी शिकवलंच नाही, तर लोक सभेत आपल्या गल्लीतल्या दिव्याबद्दलच बोलणार, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

वेळापत्रक खर्चाच्या शेजारीच ठेवा. लोकांना कधी विचारायचं यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. ब्रिटनमध्ये 1985 च्या एका खटल्यातून विचारविनिमयाच्या चार कसोट्या पुढे आल्या: प्रस्ताव घडत असतानाच विचारावं, मत देता येईल इतकी कारणं सांगावीत, पुरेसा वेळ द्यावा, आणि आलेल्या मतांचा निर्णय घेताना मनापासून विचार करावा. 1998 चा आर्हूस हा आंतरराष्ट्रीय करार पर्यावरणविषयक निर्णयांसाठी हेच सांगतो: सगळे पर्याय खुले असताना लोकांना सामावून घ्या. म्हणून तक्त्यात पहिली सभा पर्याय आखण्याच्या आधी दाखवा आणि तिचा खर्च पहिल्या टप्प्यातच टाका. मसुदा छापून झाल्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात तो दुसरा टप्पा. कायद्याला तेवढा पुरत असेल, लोकांना पुरत नाही. अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी 1969 मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यात नुसती माहिती देणं आणि नुसतं मत विचारणं हे दिखाऊ सहभागात मोडतं. तुमची प्रत्येक सभा कुठल्या पायरीवर बसते ते तक्त्यातच लिहा. लिहिताना अवघड वाटलं, तर त्या सभेचा हेतू पुन्हा तपासा.

पैसा कुठून घ्यायचा? संस्थेचा स्वतःचा निधी सर्वांत मोकळा. वरच्या सरकारचं अनुदान घ्यायचं असेल तर अटी आधी वाचा: स्वतःचा वाटा किती भरावा लागतो, कर्मचाऱ्यांचे तास त्या वाट्यात धरता येतात का, उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, कधी द्यायचं. तास धरता येत असतील तर त्यांची नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवा. मागाहून आठवून भरलेली नोंद लेखापरीक्षणात टिकत नाही. आराखड्याच्या निकालावर ज्यांचा नफा-तोटा ठरणार आहे, अशांकडून देणगी घेऊ नका, मग ती विनाअट का असेना. एकदा शंका आली की पुढच्या कुठल्याही सभेत तुमच्या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवणार नाही.

सल्लागार नेमायचा असेल तर करारात दोन कलमं हवीतच: गोळा केलेली सगळी माहिती कच्च्या स्वरूपात संस्थेच्या मालकीची राहील, आणि प्रत्येक सभेला संस्थेचा निर्णयक्षम अधिकारी स्वतः हजर असेल. लोकांचं म्हणणं सल्लागाराने ऐकून अहवालात दोन ओळींत आणलं, तर ऐकायला हवं होतं त्यांनी ते ऐकलेलंच नसतं.

उत्तर देण्याचा खर्च वेगळा काढा. आलेली प्रत्येक सूचना एका नोंदवहीत जाते, तिच्यापुढे स्वीकारली, अंशतः स्वीकारली की नाकारली ते येतं, आणि त्याखाली कारण. शेकडो सूचना आल्या तर हे काही आठवड्यांचं काम आहे. त्यासाठी माणूस लागतो, म्हणजे पगार लागतो. ही नोंदवही लोकांना पाहता यावी आणि जिथे सभा झाली तिथे परत जाऊन ती वाचून दाखवावी. या परतीच्या फेरीची तरतूद मी पहिल्या सभेच्या तरतुदीइतकीच ठेवीन.

यश कशावर मोजायचं तेही आत्ताच ठरवा. किती लोक आले, हा आकडा अपुरा आहे. कोण आलं नाही, आणि लोकांच्या म्हणण्यामुळे मसुद्यातल्या कोणत्या ओळी बदलल्या, या दोन नोंदी ठेवल्या तर पुढच्या वर्षी निधी मागताना दाखवायला काही ठोस असेल.

मंजुरीच्या प्रस्तावाचं पहिलं पान एवढंच ठेवा: निर्णयांची यादी, एकूण रक्कम, वर्षनिहाय हप्ते, लोकसंवादाचा वेगळा दाखवलेला भाग. बाकी सगळं जोडपत्रात. सदस्यांना प्रस्ताव सभेच्या आदल्या रात्री मिळू नये. शंका विचारायला त्यांना दोन आठवडे तरी हवेत.

राहिला आराखडा मंजूर झाल्यानंतरचा पैसा, जो जवळपास प्रत्येक प्रस्तावात विसरला जातो. दरवर्षीचा आढावा, चार-पाच वर्षांनी दुरुस्ती, आणि यासाठी कायम नेमलेला एक अधिकारी. या तिन्हींची रक्कम मूळ ठरावातच लिहा, आणि त्या अधिकाऱ्याचं पदनाम, तो कुणाला जबाबदार असेल ते आणि पहिल्या आढाव्याची तारीखही त्याच ठरावात घाला.