बाटली दोन दिवस आधी उभी करावी

वीस-पंचवीस वर्षे जुनी विंटेज वाइन चार-सहा जाणत्या मित्रांबरोबर जेवताना चाखायची असेल, तर काय तयारी लागते हे येथे लिहून ठेवतो आहे. खरे तर ही यादी मी स्वतःसाठीच लिहितो आहे, कारण गेल्या डिसेंबरात छत्रपती संभाजीनगरच्या माझ्या घरी असे जेवण ठेवले आणि त्या रात्रीच्या सर्वांत चांगल्या बाटलीची मी माती केली. १९९६ सालची, फ्रान्समधल्या बोर्दोची ती बाटली मी पुण्याहून मोटारीने आणली होती, मागच्या सीटवर आडवी, टॉवेलात गुंडाळून. संध्याकाळी पाचला घरी पोहोचलो आणि साडेआठला बूच काढले. प्याले घासून ठेवलेले, मटण शिजलेले, डिकँटर, म्हणजे वाइन ओतून घ्यायचे काचेचे भांडे, नवा कोरा. पहिले दोन प्याले बरे गेले. तिसऱ्यापासून जे ओतले गेले ते वीटकरी रंगाचे गढूळ पाणी होते आणि जिभेवर त्याची कचकच लागत होती. आमच्यातील सर्वांत वडीलधाऱ्या गृहस्थांनी प्याला ट्यूबलाइटसमोर धरला आणि अगदी शांतपणे विचारले, “अहो, ही निवळू दिली नव्हती का?”

नव्हती. आमच्या भागात टँकरचे पाणी आले की तुरटी फिरवून ते रात्रभर निवळायला ठेवतात आणि सकाळी वरचे पाणी हलक्या हाताने काढून घेतात. लहानपणापासून हे पाहिलेल्या माणसाला वाइनच्या बाबतीत तेच सुचू नये, याची लाज मला अजून वाटते. जुन्या तांबड्या वाइनमधील टॅनिन, म्हणजे द्राक्षांच्या साली-बियांतला तुरटपणा, आणि रंगद्रव्ये वर्षानुवर्षे एकमेकांना चिकटत जातात, जड होतात आणि गाळ होऊन खाली बसतात. तरुण वाइनचा जांभळा रंग उतरून विटेसारखा होतो त्याचेही हेच एक कारण आहे. हा गाळ अपायकारक नसतो, पण कडू आणि खरखरीत असतो, आणि पाव शतकाचा नाजूक वास त्याच्याखाली गाडला जातो. म्हणून बाटली दोन दिवस आधी उभी करावी. यादीतील बाकी सगळे चुकले तरी जेवण निभावून नेता येते. हे चुकले तर येत नाही.

यात घोटाळा होण्याचे कारणही सांगतो. जुनी वाइन आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओले राहते, आक्रसत नाही आणि हवा आत शिरत नाही, हे सर्वांनी ऐकलेले असते, आणि ते बरोबरच आहे. पण तो नियम साठवणीच्या वर्षांसाठी आहे. आडव्या बाटलीत गाळ कुशीला बसतो आणि त्याच स्थितीत बाटली उघडली की पूर्ण लांबीभर पसरलेला तो थर पहिल्याच हेलकाव्याला उठतो. बाटली उभी केली की तो हळूहळू घसरून तळाशी गोळा होतो. यासाठी किमान चोवीस तास लागतात, अठ्ठेचाळीस बरे. फ्रान्समधल्या बरगंडीचा किंवा इटलीतल्या बारोलोचा गाळ फार बारीक असतो, त्याला आणखी एखादा दिवस द्यावा. प्रवास करून आलेल्या बाटलीला दोन दिवसही पुरत नाहीत. तिला आठवडाभर स्वस्थ पडू द्यावे आणि मग उभी करावी. कोणी मित्र “मी येताना माझी बाटली घेऊन येतो” असे प्रेमाने म्हणाला, तर त्याला तितक्याच प्रेमाने सांगावे की बाटली दहा दिवस आधी पाठवा, तुम्ही मागाहून या.

आता बाकीचे. सर्वांकडे मद्यसेवनाचा परवाना असावा. नसेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून काढता येतो. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येते, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या. त्या विमानात हेलकावे खाऊन आलेल्या असतात, हे वरच्या परिच्छेदाशी जोडून वाचावे.

बाटल्या निवडताना लेबलावरच्या सालावर भाळू नये. विंटेज म्हणजे द्राक्षे तोडल्याचे साल, बाटली भरल्याचे नव्हे, आणि ते साल जुने आहे एवढ्याने आतली वाइन चांगली ठरत नाही. जगातील बहुतेक वाइन दोन-तीन वर्षांत प्यायची असते. नाशिककडच्या बहुतेक बाटल्याही ताज्याच प्याव्यात; अकलूजच्या फ्रातेलीची ‘सेटे’ ही सांजोव्हेजे आणि कॅबर्ने सोव्हिन्याँ या द्राक्षजातींच्या मिश्रणाची वाइन काही वर्षे ठेवण्याजोगी असते, पण असे अपवाद थोडे. पंचवीस वर्षे टिकणाऱ्यांत चांगली बोर्दो, बारोलो, स्पेनमधल्या रिओहाची ग्रान रेसेर्वा, फ्रान्समधल्या सोतेर्नची गोड पांढरी आणि पोर्तुगालची गोड विंटेज पोर्ट ही नावे भरवशाची आहेत. रिओहाच्या ग्रान रेसेर्वाला विक्रीपूर्वीच पाच वर्षे मुरवावे लागते, त्यांपैकी किमान दोन ओकच्या पिंपात, त्यामुळे नवशिक्यांच्या मेळाव्यात ती सर्वांत कमी धोक्याची.

साल पाहून झाले की बाटली कुठे राहिली हे विचारावे, आणि उत्तर गुळमुळीत आले तर ती घेऊ नये. वाइनला बारा-तेरा अंशांचे स्थिर तापमान आणि अंधार लागतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. दिवाणखान्याच्या शोकेसमध्ये दहा उन्हाळे काढलेली बाटली जुनी झालेली नसते, शिजलेली असते. तिला मोरंब्यासारखा वास येतो आणि नंतर काहीच येत नाही. बूच तोंडाबाहेर उचलले गेले आहे का, आवरणाखालून चिकट ओघळ आला आहे का, हे पाहावे. बाटलीतील पातळीही पाहावी. बोर्दोच्या बाटलीत वीस-पंचवीस वर्षांनी पातळी मानेच्या तळाशी किंवा खांद्याच्या वरच्या भागात असणे स्वाभाविक आहे. खांद्याच्या मध्याखाली गेली असेल तर आत हवा बरीच शिरली आहे असे समजावे.

सहा जणांना तीन बाटल्या आणि शेवटी थोडी पोर्ट पुष्कळ होते. तळाचा सुमारे अर्धा प्याला गाळासह बाटलीतच सोडायचा असतो, हे हिशेबात धरावे. एक तरुण, साधी, बिनघोर बाटली राखीव ठेवावी, कारण जुन्या तीनांतली एखादी बुचाच्या दोषाने वाया गेलेली निघू शकते आणि मग पाहुण्यांच्या रिकाम्या प्याल्यांकडे पाहत बसण्यासारखे दुसरे अवघडलेपण नाही.

दोन दिवस आधी काय करायचे ते आता ओळखले असेलच, पण कुठे उभी करायची ते सांगायचे राहिले. फ्रिजच्या दारात नाही. दार उघडताना दर वेळी बाटली हलते, आणि घरातले फ्रिज दिवसातून किती वेळा उघडतात ते आपण जाणतो. डिसेंबर-जानेवारीत मराठवाड्यातील रात्री चांगल्या थंड असतात, तेव्हा आतल्या खोलीचा अंधारा, भिंतीकडचा कोपरा पुरतो. उन्हाळ्यात फ्रिजचा एक कप्पा काढून मागच्या बाजूला उभी करावी आणि घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे की तिला कोणी हात लावायचा नाही. मी तर आता बाटलीच्या गळ्यात दोऱ्याने चिठ्ठी बांधतो. मात्र माझा सल्ला विचाराल तर उन्हाळ्यात असा घाट घालूच नये.

त्या दिवशी सकाळी प्याले. नळाचे पाणी टाकीत साठवलेले असते, त्याला क्लोरीनचा वास असतो आणि क्षारांचे डागही राहतात; म्हणून शेवटची धुलाई गाळलेल्या पाण्याने, साबणाशिवाय करावी आणि जुन्या सुती कापडाने पुसावे. प्याला पोटात रुंद आणि तोंडाशी निमुळता असावा. घरात उदबत्ती, धूप, रूम फ्रेशनर काही लावू नये. पाहुण्यांनी अत्तर लावून, पान किंवा तंबाखू खाऊन येऊ नये, हे आधीच कळवावे. कोणाला राग आला तर येऊ द्यावा. मोगऱ्याचा गजरा सुंदर असतो, पण त्या रात्री तो शेजारच्या घरात असावा.

जेवणाबाबत माझे मत आमच्या मंडळींना मान्य नाही, तरी लिहितो. नान-खलिया हा आमच्या शहराचा मान आहे आणि तो जुन्या वाइनबरोबर देऊ नये. तिखटाने जिभेवर अल्कोहोलची जळजळ वाढते, टॅनिन अधिक तुरट लागते, आणि वाइनमधली वाळलेल्या पानांची, चामड्याची, ओल्या मातीची जी हळवी छटा चाखायला आपण इतकी वर्षे थांबलो ती पहिल्याच घासाला नाहीशी होते. येसर आमटी, ठेचा, चिंचेचे काहीही, हे सगळे त्या रात्री बाद. त्याऐवजी अळणी मटण करावे: आले, थोडा लसूण, हळद, मीठ आणि मंद आच. तो अळणी रस्सा आणि ज्वारीची भाकरी यांच्यासमोर जुनी बोर्दो जशी खुलते तशी कोणत्याही परदेशी पक्वान्नासमोर खुललेली मी पाहिलेली नाही. मांसाहार न करणाऱ्यांसाठी तूप घातलेली मऊ मुगाची खिचडी. खलिया हवाच असेल तर शेवटची जुनी बाटली संपल्यावर आणावा. फोडणी पाहुणे येण्यापूर्वी तासभर तरी आटपलेली असावी.

तापमान. “तांबडी वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी” हा नियम युरोपातल्या थंड घरांचा आहे. आपल्या मार्चमधल्या खोलीचा नव्हे. सोळा ते अठरा अंश पुरे. गरम वाटली तर बर्फ घातलेल्या पाण्याच्या पातेल्यात दहा मिनिटे ठेवावी, तीही उभीच. उभीच. बादलीत आडवी घालून फिरवणारे लोक मी पाहिले आहेत. दोन दिवसांची तपश्चर्या दहा सेकंदांत जाते.

बूच. वीस वर्षांनंतरचे बूच भुसभुशीत असते आणि साधा स्क्रू त्यातून भोक पाडून वर येतो. दोन पात्यांचे बूच काढण्याचे साधन मागवून ठेवावे. पाती बुचाच्या दोन बाजूंनी हलक्या हाताने डुलवत खाली घालावीत आणि फिरवत वर घ्यावे. हे करताना बाटली टेबलावरून उचलू नये, फिरवू नये, मांडीत धरू नये. फिरते ते साधन. वरचे धातूचे आवरण मात्र मानेवरून पूर्ण काढावे, कारण ओतताना मान दिसली पाहिजे, आणि तोंडाशी बुरशी असेल तर ओल्या फडक्याने पुसावी. बूच मोडून आत पडले तर घाबरू नये. धुतलेल्या मलमलीतून गाळून घ्यावे. मात्र मलमल हा उभ्या बाटलीला पर्याय नाही. त्या रात्री मी तीन पदरी मलमल लावली होती. बारीक गाळ तिच्यातून सरळ पार गेला.

ओतणे एकाच माणसाने, एकाच संथ धारेत करावे. बाटलीच्या मानेखाली मेणबत्ती किंवा मोबाइलचा दिवा ठेवावा आणि नजर धारेवर नव्हे, मानेवर ठेवावी. सुरुवातीला वाइन काचेतून स्वच्छ दिसते. शेवटी धुरासारखी एक काळपट रेघ खांद्याकडून सरकत येते. ती मानेत शिरली की थांबायचे. मध्येच बाटली सरळ करून पुन्हा कलती केली की गाळ उठतो, म्हणून फोन आला, दाराची घंटा वाजली, कोणी हाक मारली, तरी हात हलू द्यायचा नाही. विंटेज पोर्ट साधारण दोन वर्षे पिंपात राहून न गाळताच बाटलीत जाते, त्यामुळे तिचा गाळ सर्वांत दाट. तिला तर तीन दिवस उभी करावी. वीस वर्षांची टॉनी पोर्ट लाकडातच मुरलेली असते, तिला याची गरज नाही. जुन्या पांढऱ्या वाइनच्या तळाशी साखरेच्या कणांसारखे जे दिसतात ते टार्टरिक आम्लाचे क्षार, निरुपद्रवी.

तरुण वाइन डिकँटरमध्ये दोन तास ठेवतात म्हणून जुनी ठेवू नये; तीस वर्षांची वाइन हवेत अर्ध्या तासात विझू शकते. वाढण्याच्या जरा आधी ओतावी. पहिला वास कित्येक वर्षे बंद राहिलेल्या वाड्याच्या खोलीसारखा आला तर दहा मिनिटे थांबावे, बहुधा जातो. ओल्या वर्तमानपत्राचा वास आला आणि वाढतच गेला तर तो बुचातला दोष, त्याला इलाज नाही. राखीव बाटली काढावी.

क्रम: हलकी आधी, भारी नंतर, गोड शेवटी. सर्वांत नाजूक जुनी बाटली मी दुसरी उघडतो, कारण चौथ्या प्याल्यापर्यंत कोणाचीच जीभ शाबूत नसते. चाखलेली वाइन थुंकण्यासाठी एखादे झाकणाचे भांडे, पिण्याचे साधे पाणी, लिहायला कागद. पोर्टबरोबर अक्रोड.

प्यालेल्यांपैकी गाडी कोणी चालवायची नाही. चालक आधी ठरवावा. प्याले रात्री धुवू नयेत, फुटतात. बाटल्या तळाच्या गाळासकट सकाळपर्यंत तशाच टेबलावर ठेवाव्यात. उजेडात तो गाळ पाहिला की पुढच्या वेळी चिठ्ठी बांधायला हात आपोआप जातो.