थिऑसॉफीची मुंबईतली वर्षे : गटाने नोंदी कशा कराव्यात

थिऑसॉफिकल सोसायटी या गूढविद्या व अध्यात्माच्या संस्थेचे संस्थापक, रशियन मादाम ब्लाव्हाट्स्की आणि अमेरिकन कर्नल ऑल्कट, १६ फेब्रुवारी १८७९ रोजी मुंबईत उतरले आणि डिसेंबर १८८२ मध्ये मद्रासजवळच्या अड्यारला गेले. वेगवेगळ्या गावांतल्या चार-पाच जणांना ऑनलाइन मिळून काम करायचे असेल, तर एवढाच काळ घ्या. ‘द थिऑसॉफिस्ट’ हे त्यांचे मासिक ऑक्टोबर १८७९ पासून मुंबईतूनच निघत होते आणि त्याचे स्कॅन मोफत मिळतात.

कामाची वाटणी महिन्यांनुसार करा. मासिकाचा खंड ऑक्टोबरला सुरू होतो, त्यामुळे पहिल्या खंडातले तीन अंक १८७९ चे आणि उरलेले १८८० चे आहेत. नुसते ‘खंड १’ लिहिले की साल चुकतेच.

सामायिक तक्त्यात एका ओळीला एकच घटना ठेवा. रकाने असे : घटनेची तारीख, अंकाचा महिना, पान, मूळ इंग्रजी वाक्य जसेच्या तसे, मराठी सारांश, नोंदणारा, पडताळणारा. शेवटचे दोघे कधीही एकच नसावेत. पडताळणाऱ्याने सारांश न वाचता आधी पान उघडावे, नाहीतर तो लिहिलेलेच पुन्हा वाचतो.

सर्वांत जास्त घोळ मासिकाच्या पुरवणीत होतो. शाखा आणि सभांची वृत्ते तिथे येतात, पण तिचे पानक्रमांक वेगळे असतात. म्हणून पानाआधी ‘पु.’ लिहा. बांधणीत पुरवणी गळालेली दिसली तर दुसरा स्कॅन शोधा.

शब्दशोधावर विसंबू नका. पान दोन स्तंभांचे असल्याने ओसीआर (स्कॅनमधली अक्षरे ओळखणारी संगणकप्रणाली) कधी दोन्हीकडच्या ओळी एकत्र जोडते. ओळीअखेर तुटलेले आडनाव तर सापडतच नाही. सोसायटीचे कार्यकर्ते दामोदर मावळंकर यांना शोधताना आधी ‘दामोदर’, मग आडनावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे टाका. तरीही काही मिळाले नाही, तर तो अंक डोळ्यांनी वाचा.

आणखी एक रकाना हवाच : ‘त्याच वेळचा’ की ‘नंतरचा’ पुरावा. ऑल्कटच्या आठवणी मासिकात १८९२ पासून छापल्या गेल्या, म्हणजे मुंबईच्या दिवसांनंतर दशकभराने. त्या रंजक आहेत, पण तारखेसाठी अंकच प्रमाण धरा. इंग्रज पत्रकार ए. पी. सिनेट यांना आलेल्या ‘महात्म्यां’च्या (थिऑसॉफिस्ट ज्यांना आपले गुरू मानत त्यांच्या) पत्रांपैकी बहुतेकांवर तारीख नाही, तिथे ‘अनुमानित’ असे लिहा. रशियन कागदांत तारीख जुन्या दिनदर्शिकेची असते. एकोणिसाव्या शतकासाठी तिच्यात १२ दिवस मिळवा. ब्लाव्हाट्स्कींचा ३१ जुलै १८३१ हा जन्मदिवस असाच १२ ऑगस्ट होतो.

निनावी लेखापुढे अंदाजाने ब्लाव्हाट्स्कींचे नाव घालू नका, लेखकाचा रकाना रिकामाच ठेवा.