दहा कामं एकदम झेपतील आणि सात-आठ वर्षं टिकेल असा पीसी निवडताना

दुकानात पाऊल टाकताच विचारतात, 'आय फाइव्ह देऊ की आय सेव्हन?', म्हणजे प्रोसेसर कोणता. त्याआधी घरी दहा मिनिटं काढा. टॅली, जड एक्सेल फायली, क्रोमचे तीस टॅब, झूम, जे रोज एकत्र चालतं ते सगळं जुन्या मशीनवर उघडा आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये मेमरीखाली 'कमिटेड'पुढे दोन आकडे दिसतील, समजा १९/२४ जीबी. पहिला आकडा म्हणजे प्रोग्रॅम्सनी मागितलेली मेमरी. तो बसवलेल्या रॅमच्या पुढे गेला की विंडोज सहसा काही भाग डिस्कवर ढकलतं. एका विंडोतून दुसरीत जाताना मशीन अडखळतं ते बहुधा इथेच. प्रोसेसर बिचारा निवांत असतो. त्या पहिल्या आकड्याच्या दीडपट रॅम धरा. नुसत्या ऑफिसकामाला १६ जीबी, बरंच काही एकत्र चालवणाऱ्याला ३२, व्हर्च्युअल मशीन (एका पीसीत चालणारा दुसरा आभासी पीसी) किंवा फोर-के एडिटिंगला ६४.

रॅम एकाच पट्टीत घेऊ नका, दोन सारख्या पट्ट्यांची जोडी घ्या. चार स्लॉटच्या बोर्डावर ती सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसते. 'आता ८-८ च्या दोन टाकू, नंतर आणखी दोन' हा हिशेब डीडीआर ५ या नव्या पिढीच्या रॅममध्ये फसतो. चारही स्लॉट भरले की वेग उतरतो. एएमडीच्या रायझन ७००० या प्रोसेसर मालिकेत रॅमचा अधिकृत वेग ५२०० वरून ३६०० एमटी/सेकंदावर येतो. म्हणून सुरुवातीलाच १६-१६ ची जोडी घ्यावी. आणि ६००० ची रॅम घेतली म्हणून ती ६००० वर चालतेच असं नाही. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमला छापील वेगावर चालवणारी सेटिंग) सुरू केलं नाही, तर ती बहुतेकदा ४८०० वरच रेंगाळते. कित्येक जण हे वर्षानुवर्षं पाहतच नाहीत.

प्रोसेसर सहा ते आठ कोअरचा पुरतो. टिकाऊपणासाठी सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा, पाहा. एएमडीचा एएम ५ हा २०२२ चा सॉकेट, आणि त्याला निदान २०२७ पर्यंत साथ देण्याचं कंपनीने जाहीर केलंय. पुढे नुसता प्रोसेसर बदलून भागतं. इंटेलचे तेराव्या-चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर सेकंडहँड घेताना जपून. त्यातल्या बऱ्याच मॉडेल्सना जादा व्होल्टेजने इजा होण्याचा दोष होता. नवं बायोस पुढची झीज रोखतं, झालेली भरून काढत नाही.

लॅपटॉपच हवा असेल तर 'रॅम सोल्डर केलेली (बोर्डालाच डाखलेली) आहे का?' एवढं विचारा. एलपीडीडीआर लिहिलं असेल तर जवळपास नक्कीच आहे, म्हणजे घ्याल तेवढीच कायमची. प्रोसेसरच्या मॉडेलच्या शेवटी यू असेल तर तो बॅटरी वाचवणारा, एच असेल तर कामाचा गडी.

एसएसडी १ टीबी, एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी वेगवान), आणि चिप टीएलसी प्रकारची. स्वस्त क्यूएलसी मोठी फाइल कॉपी करताना कॅश (तिची छोटी वेगवान जागा) भरली की हार्ड डिस्कसारखी रखडते. पंधरा-वीस टक्के जागा मोकळी राहू द्या.

लोक पैसे वाचवतात ते एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, आणि मशीन मरतं तेही त्याच्याचपायी. '८० प्लस गोल्ड' वीज किती वाया जाते एवढंच सांगतं, दर्जा नाही. निदान पाच वर्षांची वॉरंटी बघा. ग्राफिक्स कार्ड नसेल तर ५५० वॅट भरपूर. यूपीएसवरचा व्हीए म्हणजे वॅट नव्हे: ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. लाइट जाताच यूपीएस असूनही पीसी बंद पडत असेल, तर साध्या यूपीएसची चौकोनी लहर एसएमपीएसला मानवत नसेल. तेव्हा शुद्ध साइन वेव्हचा घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दोष सहसा घराच्या अर्थिंगचा असतो. पीसी लावण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून ते तपासून घ्या.

धूळ दर तीन महिन्यांनी ब्लोअरने उडवा, पण पंख्याची पाती बोटाने धरून. मोकळा फिरणारा पंखा उलटी वीज बनवतो.

रिफर्बिश्ड घेत असाल तर इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली उतरू नका. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्या पिढीखाली अधिकृतपणे चालत नाही.

बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर वेगळा लिहून घ्या. नुसतं 'असेंबल्ड पीसी' लिहिलेल्या बिलावर वॉरंटी मागताना दमछाक होते. आणि मशीन घरी आलं की पहिल्याच रात्री मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून झोपा. एकही एरर दिसली तर बदलून मागायची मुदत संपायच्या आत ती रॅमची जोडी परत करा.