पार्किंगमधली सायकल, मृगाच्या आत

२०२० च्या लॉकडाउनमध्ये आमच्या पुण्यातल्या सोसायटीत आठ-दहा नव्या सायकली आल्या होत्या. त्यातल्या बहुतेक आज जिन्याखाली उभ्या आहेत. दोन्ही चाकं बसलेली, सीटवर कबुतरांची कृपा, हँडलला कुणाची तरी जुनी छत्री अडकवलेली. त्यातलीच एक बाहेर काढून मी गेली तीन वर्षं कोथरूड डेपोवरून शिवाजीनगरला ऑफिसला जातो. एका बाजूचे सात-आठ किलोमीटर, रमतगमत अर्धा तास. दर मे महिन्यात कुणी ना कुणी विचारतं, "मलाही चालू करायचंय, काय काय लागेल?" आणि पुढच्याच वाक्यात हेल्मेट कुठलं घेऊ म्हणून विचारतं. हेल्मेट घ्या, डोक्याला नीट बसणारं घ्या, विषय संपला. खरी तयारी दुसरीकडेच आहे, आणि ती मृग लागायच्या आत, म्हणजे ७-८ जूनच्या आत उरकलेली बरी. पाऊस सुरू झाला की सायकलच्या दुकानात दुरुस्तीची रांग लागते आणि आपला उत्साहही भिजतो.

पहिलं काम म्हणजे सायकल धुऊन तिचं 'ओव्हरऑईल' करून घेणं. मूळ शब्द ओव्हरहॉल, पण कुठल्याही सायकलवाल्या काकांना तसं सांगू नका, ते तुमच्याकडे बघत बसतील. शिवाय आपलाच शब्द जास्त बरोबर वाटतो, कारण या कामात तेल-ग्रीसच जास्त असतं. दोन-तीन वर्षं नुसत्या उभ्या राहिलेल्या सायकलच्या हबमधलं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातलं ग्रीस वाळून चिक्कीसारखं झालेलं असतं. छर्रे काढून, पुसून, नवीन ग्रीस भरायला सांगा. चाकांचा आऊट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, काढून घ्या. ब्रेकच्या आणि गिअरच्या वायरी चारही बदला, त्यात कंजुषी नको. वरून नीट दिसणारी वायर आतून गंजून घट्ट झालेली असते, आणि ती तुटते ती नेमकी नळ स्टॉपच्या सिग्नलला.

चेन बदलायची का, हे घरीच बघता येतं. इंचांची पट्टी घ्या आणि शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवा. तिथून पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. अर्धं सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पुढे गेली असेल तर चेन बदला. पूर्ण सूत पुढे असेल तर तिने मागची दातेरी चक्रंही खाल्लेली असतात, तीही बदलावी लागतील. चेनला शिलाई मशीनचं तेल चालतं, पण पावसाळ्यात ते दोन दिवसांत धुऊन जातं, म्हणून जून ते सप्टेंबर ओल्या हवेसाठी मिळणारं घट्ट तेल वापरा. थेंब थेंब टाका आणि वरचं फडक्याने पुसून घ्या. गंज सोडवायच्या स्प्रेला वंगण समजू नका. आणि डिस्क ब्रेक असेल तर कुठलाही स्प्रे त्या पत्र्याच्या आसपास फिरकू देऊ नका. एकदा तेल लागलं की ब्रेक किंचाळतो आणि लागत मात्र नाही.

आता टायर. लॉकडाउनमधल्या या सायकलींना बहुतेक २६ इंची, जाड गोट्यागोट्यांचे टायर असतात. डोंगरावरच्या मातीत ते छान. डांबरी रस्त्यावर मात्र ते घुंई असा आवाज करत तुमची ताकद खातात. तेच काढून २६ × १.७५ किंवा १.५ चे गुळगुळीत, बारीक खाचांचे टायर टाका. एवढ्या एका बदलाने सायकल दुसरीच कुणाची तरी वाटायला लागते. विकत घेताना टायरच्या कडेला छापलेला दुसरा आकडा, म्हणजे टायर रिमवर बसतो तिथला व्यास मिलिमीटरमध्ये, जुळवा. आपल्या २६ इंची डोंगरी सायकलींचा तो ५५९ असतो, ७००सी असेल तर ६२२, आणि २७.५ असेल तर ५८४. २६ इंच नुसतं म्हणून भागत नाही. जुन्या पद्धतीच्या २६ × १ ३/८ चाकाचा आकडा ५९० आहे, तो टायर या रिमवर बसणार नाही. मी एकदा तो आणला आणि परत द्यायला गेलो. दुकानदार हसला नाही, पण नोकराकडे बघितलं.

ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड असलेला बरा, पेट्रोल पंपावर हवा भरता येते. फक्त सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते थोडी, त्यामुळे पंपावरच्या पोराने नळी लावून दुसरीकडे बघितलं तर फट्‌ होतं. त्यापेक्षा दट्ट्याचा, हवेचा दाब दाखवणारा काटा असलेला उभा पंप घरात घ्या. या सगळ्या खरेदीत माझ्या मते पहिला नंबर त्याचाच. सत्तर किलोच्या माणसाला १.७५ च्या टायरमध्ये मागे ५० आणि पुढे ४५ पीएसआय (काट्यावरचं दाबाचं माप) हवा पुरते. दर सोमवारी सकाळी भरायची. कमी हवेच्या टायरने खड्डा घेतला की ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. पंक्चरवाले त्याला खिळा शोधत बसतात आणि खिळा काही सापडत नाही.

ब्रेकचं थोडक्यात सांगतो. आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा आणि डाव्याला मागचा ब्रेक असतो, पण एखादी सायकल उलटी जोडलेली निघते. रस्त्यावर यायच्या आधी बघून घ्या. दोन्ही ब्रेक पूर्ण दाबले तरी मूठ आणि ब्रेकच्या दांडीत बोटभर जागा राहायला हवी. रिमवर घासणारे रबर असतील तर पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी त्यांत अडकलेले वाळूचे, अॅल्युमिनियमचे कण सुईने काढा, नाहीतर रिम कानशीने घासल्यासारखी झिजते. ओल्या रिमवर पहिला क्षणभर ब्रेक लागल्यासारखा वाटतच नाही. तेवढं अंतर धरून चाला.

सीटची उंची दहापैकी आठ जणांची चुकलेली दिसते, आणि सगळ्यांची एकाच बाजूला: खाली. थांबलं की दोन्ही पाय टेकले पाहिजेत, हे आपल्या डोक्यात लहानपणी शिकवणाऱ्याने भरवलेलं असतं. भिंतीला धरून सीटवर बसा, पायडल सगळ्यात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारलं की गुडघा किंचित वाकलेला राहतो. थांबल्यावर मग एकाच पायाचा चवडा टेकतो, याची सवय चार दिवसांत होते. गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडलेल्या दोघांची सीट मी वर केली आहे, दोघेही अजून चालवतात. सीटच्या दांड्यावर एक रेघ कोरलेली असते, ती बाहेर दिसेल इतकी मात्र वर ओढायची नाही. आणि मऊ जेलचं कव्हर घेऊ नका. पहिल्या पाच मिनिटांपुरतं ते सुख देतं, पावसात दिवसभर स्पंजासारखं पाणी धरून ठेवतं. त्याऐवजी हॉटेलात फुकट मिळते ती शॉवर कॅप खिशात ठेवा. उघड्यावर लावलेल्या सायकलच्या सीटला ती अशी बसते की जणू त्यासाठीच केली आहे.

आता मडगार्ड आणि कॅरिअर. सायकल व्यायामाची राहणार की कामाची होणार, हे इथे ठरतं. कंपनीने ही दोन्ही काढूनच सायकल विकलेली असते, कारण त्यांच्याशिवाय ती चपळ दिसते. मागे सीटच्या दांड्याला अडकवायचा शेपटीसारखा तुकडा मिळतो, तो पाठ वाचवतो, बाकी काही नाही. चाकाला कवेत घेणारे, सळ्यांनी बांधलेले पूर्ण मडगार्ड लावा. पुढच्याला खाली रबरी पट्टी हवीच. पुढचं चाक चिखल उडवतं तो तुमच्या बुटांवर आणि चेनवर, आणि चेनवर गेलेली वाळू वर्षाचं काम महिन्यात करते. बारीक टायर टाकल्यामुळे मडगार्डला जागाही मिळते. फ्रेमला मडगार्ड-कॅरिअर कसायची भोकं नसतील तर नळीला रबर गुंडाळून क्लॅम्प लावतात, काकांना सांगितलं की ते करतात. डिस्क ब्रेक असेल तर कॅरिअर त्या ब्रेकला चुकवून बाहेरून वळलेलं हवं, साधं घेतलं तर सळई अडते.

कॅरिअर कशाला, पाठीवर सॅक आहेच की, असं म्हणणाऱ्याने एप्रिलमध्ये एकदा लॅपटॉपची सॅक पाठीला लावून कर्वे रस्त्याने यावं. सॅकच्या आकाराचा घाम शर्टावर छापून येतो आणि तो दुपारपर्यंत वाळत नाही. बॅग सायकलवर गेली की माणूस कोरडा ऑफिसला पोचतो. बाजूला अडकवायच्या पिशव्या घेतल्या तर त्या इतक्या मागे सरकवा की पायडल मारताना टाच लागणार नाही. मी स्वतः भाजीवाल्याकडून घेतलेला प्लॅस्टिकचा क्रेट कॅरिअरला पट्ट्यांनी बांधला आहे. दिसतो गबाळा. त्यात सॅक जाते, डबा जातो, येताना मंडईतून दोन जुड्या मेथी येते, आणि असल्या सायकलकडे चोरही फारसं बघत नाही. रबरी बंगी दोरी वापरत असाल तर तिची मोकळी टोकं कधीही लोंबती ठेवू नका, आऱ्यांत गेलं की चाक जागच्या जागी थांबतं. ओढणी, साडी, सैल पँट यांच्यासाठी चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी लावून मिळते. लेडीज सायकलला ती आधीपासून असते, बाकीच्यांना ती लावायला लाज वाटते एवढंच.

दिवे दोन. मागे लाल, पुढे पांढरा. आमच्या आधीच्या पिढीला सायकलला पालिकेचा बिल्ला लागायचा, आणि रात्री दिवा नसेल किंवा डबलसीट असाल तर पोलीस अडवायचे. आता कुणी अडवत नाही, म्हणून जबाबदारी आपली. पुढचा दिवा समोरच्याच्या डोळ्यांत नव्हे, दहा पावलांवरच्या खड्ड्यात पडेल असा खाली वाकवा. मागचा दिवा क्रेटने किंवा रेनकोटने झाकला जात नाही ना, हे कुणालातरी मागे उभं करून बघा. माझा वर्षभर झाकला जात होता. रिफ्लेक्टर कुरूप दिसतात म्हणून काढू नका. पायडलचे पिवळे तर नक्कीच नको, ते वरखाली होतात म्हणूनच मागच्या गाडीवाल्याच्या लक्षात येतात. आरसा लावायचा तर उजव्या हाताला, गाड्या तिकडूनच ओलांडतात. घंटी असू द्या, पण गर्दीत "ओ दादा" जास्त चालतं.

रस्त्याचीही तयारी लागते. गाडीने जातो तोच रस्ता सायकलला धरायचा, ही पहिली चूक. रविवारी सकाळी दोन-तीन वाटा फिरून बघा. मी नळ स्टॉपनंतर मोठा रस्ता सोडतो आणि प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांतून भांडारकर रस्त्याला निघतो. अंतर थोडं वाढतं, झाडं आणि शांतता फुकट मिळते. फर्ग्युसन आणि जंगली महाराज हे दोन्ही रस्ते एकेरी, त्यामुळे येण्याची वाट वेगळी आखावी लागते. नदीपात्रातला रस्ता मोहक आहे, पण खडकवासला धरणातून पाणी सोडलं की तो बंद होतो आणि बाबा भिडे पूल पाण्याखाली जातो. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी विसर्गाची बातमी बघून निघायचं. पाणी साठलेल्या जागी सायकल घालू नका, खाली काय आहे ते दिसत नाही. पहिल्या दोन-तीन पावसांत रस्त्यावरचं तेल वर येतं. झेब्राचे पांढरे पट्टे आणि गटाराची लोखंडी झाकणं तर सगळा पावसाळा निसरडी असतात, त्यांवर वळायचं नाही आणि ब्रेकही दाबायचा नाही. चालण्याच्या दिशेने फटी असलेली जाळी दिसली तर आडवं जा, नाहीतर उतरा.

पावसाच्या कपड्यांचा मी फार विचार करत नाही. रेनकोटच्या आत घामाने भिजायचं की बाहेर पावसाने, एवढीच निवड असते. जाताना हाफपँट आणि सँडल घालायचे. ऑफिसच्या कपाटात एक शर्ट, एक पँट, बूट आणि टॉवेल. हे कपाट मिळवणं ही अर्धी तयारी. उरलेली अर्धी म्हणजे वॉचमनशी ओळख. मोटारसायकलींच्या रांगेत सायकल लावली की दुपारपर्यंत ती कुणीतरी उचलून कोपऱ्यात आडवी टाकलेली असते. भिंतीलगतची जागा त्यांनाच विचारून ठरवा, जाता-येता दोन शब्द बोला.

पंक्चरचं सामान क्रेटमध्ये कायम असू द्या: एक नवी ट्यूब, टायर काढायच्या दोन प्लॅस्टिक पट्ट्या, छोटा पंप आणि मागच्या नटाचा १५ चा पाना. मोटारसायकलचे पंक्चरवाले जागोजागी आहेत, पण त्यांच्याकडे सायकलची ट्यूब असेलच असं नाही. म्हणून एका रविवारी घरी बसून मागचं चाक काढून घाला. काढायच्या आधी गिअर सगळ्यात लहान चक्रावर आणा, चेन सैल मिळते. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा, बोट नको. ट्रकच्या टायरमधून सुटलेली केसासारखी तार तिथे बसलेली असते आणि ती बोटालाही सोडत नाही.

कुलूप जाड, यू आकाराचं घ्या, आणि त्यात फ्रेम व चाक दोन्ही एखाद्या पक्क्या खांबाशी अडकवा. पहिल्या वर्षी माझं कुलूप वायरचं होतं. एका संध्याकाळी चावी हरवली म्हणून वॉचमनकाका इलेक्ट्रिशियनची पक्कड घेऊन आले. मी "जपून" म्हणेपर्यंत ते तुटलं होतं. तेव्हापासून नवं कुलूप, आणि दुसरी चावी ऑफिसच्या खणात.