कवितेत मोजायचे काय?

पदवीच्या पहिल्या वर्षी रसग्रहण लिहिताना मी आधी वृत्ताचे नाव देत असे, मग अलंकार सांगत असे आणि शेवटी 'भाव भक्तीचा आहे' असे एक वाक्य जोडत असे. या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे, हे मात्र माझ्या लेखनात कोठेच येत नसे. एकदा तर तुकारामांच्या अभंगाचे गण, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गट, पाडण्यात माझी एक संध्याकाळ गेली आणि ओळी जुळेनात, तेव्हा मी छापील पाठावरच शंका घेतली.

चूक मोजण्यातच होती. अक्षरगणवृत्तात लघु-गुरूंचा, म्हणजे आखूड आणि लांब उच्चाराच्या अक्षरांचा, क्रम ठरलेला असतो, मात्रावृत्तात मात्रांची गणती असते (लघूची एक, गुरूच्या दोन) आणि अभंग-ओवीसारख्या छंदांत केवळ अक्षरे मोजतात. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' हा चरण भुजंगप्रयाताचा, म्हणजे चार 'य' गणांचा आणि 12 अक्षरांचा आहे. येथे पुढच्या 'ज्ज' या जोडाक्षराच्या आघाताने 'स' गुरू होतो. 'तुझ्या'मधला 'तु' मात्र आघात नसल्यामुळे लघुच राहतो, आणि हा भेद कानानेच कळतो. प्रत्येक गण लघूवर उचलला जाऊन दोन गुरूंवर स्थिरावतो, त्यामुळे मनाला समजावणाऱ्या त्या स्वराला एक ठाम चाल मिळते.

'सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया' हा मोठा अभंग आहे आणि त्यात 6, 6, 6, 4 अशी अक्षरे आहेत. बोलताना आपण 'कर' हा शब्द एका झटक्यात उच्चारतो, पण छंदात त्याची दोन अक्षरे धरावी लागतात. नवख्यांची मोजणी बहुधा येथेच फसते. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणांत आहे, म्हणून विटेवरची पावले आणि कटीवरचे हात एका नादात बांधले जातात व नजर खालून वर सरकते. चौथ्या चरणात यमक नाही आणि दोन अक्षरेही कमी आहेत. मोठ्याने म्हणून पाहिले, तर 'ठेवोनिया'पाशी आवाज आपोआप लांबतो आणि थांबतो. विठ्ठलाचे ते निश्चल उभे राहणे मला या लांबलेल्या आवाजात ऐकू येते, आणि आता रसग्रहणात 'शांत' हा शब्द मी हे सारे दाखवून झाल्यावरच लिहितो.