नगरसेवक आणि पंचायत सदस्यांनो, मालमत्ता, हितसंबंध आणि भेटवस्तू जाहीर करताना या चुका टाळा

निवडून आल्यावरचा पहिला महिना हार-तुऱ्यांत आणि सत्कारांत जातो. कागदपत्रांचा महिनाही नेमका तोच. कर्नाटक महानगरपालिका कायदा 1976 च्या कलम 19 नुसार नगरसेवकाने पदाची मुदत सुरू झाल्यापासून एका महिन्यात, आणि पुढे दरवर्षी त्याच महिन्यात, स्वतःच्या व एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेचं विवरण महापौरांकडे द्यायचं असतं. निपाणीची नगरसभा, खानापूरची पट्टण पंचायत, येळ्ळूर-हिंडलग्यासारख्या ग्रामपंचायती यांचे कायदे वेगळे आहेत. चुका मात्र सगळीकडे त्याच होतात. चांगलं काम करणारा माणूस अशा चुकीपायी घरी बसतो तेव्हा नुकसान वॉर्डाचं होतं, म्हणून हे जरा तपशिलात लिहितोय.

“गाळा बायकोच्या नावावर आहे, माझा काय संबंध?”

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बेळगावच्या खाऊ कट्ट्याचं, म्हणजे पालिकेच्या खाद्यपदार्थांच्या गाळ्यांचं, प्रकरण आठवा. पत्नींच्या नावे गाळे घेतल्याच्या तक्रारीवरून 2025 मध्ये प्रादेशिक आयुक्तांनी दोन नगरसेवकांचं सदस्यत्व रद्द केलं आणि प्रकरण पुढे उच्च न्यायालयात गेलं. कोण बरोबर, कोण चूक, हे ठरवणं न्यायालयाचं काम. पण महापालिकेशी असलेल्या करारात किंवा कामात ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष’ हितसंबंध असेल तर महानगरपालिका कायद्याच्या कलम 26 खाली नगरसेवक अपात्र ठरू शकतो, एवढं प्रत्येकाने त्यातून घ्यायला हवं. भावाच्या फर्मला मिळालेलं गटारीचं काम, मेहुण्यासोबतची भागीदारी, पालिकेला भाड्याने दिलेला टिप्पर, हे सगळं त्या ‘अप्रत्यक्ष’मध्ये बसवता येतं. ग्रामपंचायत सदस्यालाही असाच नियम आहे.

इथे बरेच जण आणखी एक घोळ करतात. “मी विवरणात लिहिलंय की, लपवलं कुठे?” असं म्हणतात. लिहिल्याने लपवल्याचा आरोप टळतो, अपात्रता टळत नाही. पालिकेशी करार असेल तर त्यातून बाहेरच पडावं लागतं, आणि तेही उमेदवारी अर्ज भरायच्या आधी, कागदोपत्री. भागीदारी सोडल्याचा करार, गाळा परत केल्याची पोच, अनामत परत मिळाल्याची नोंद हे सगळं एका फाइलीत ठेवा. तोंडी “सोडलं” याला किंमत नाही.

विषय तुमच्या कराराचा नसेल, पण त्याचा फायदा घरच्यांना होणार असेल, तर बैठकीत उभं राहून सांगा: “या विषयातली जागा माझ्या चुलत्यांची आहे. मी चर्चेत आणि मतदानात भाग घेत नाही. इतिवृत्तात तशी नोंद घ्यावी.” पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम होताना ती नोंद आली की नाही हे स्वतः वाचा. चहाला म्हणून बाहेर जाऊन बसणं म्हणजे जाहीर करणं नव्हे. उपस्थितीच्या वहीत तुमची सही असतेच.

वाटणी न झालेली जमीन

आपल्याकडे उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव असतं, वारस लागलेले नसतात आणि कसणारा चुलता असतो. सदस्य विवरणात फक्त फ्लॅट आणि दुचाकी लिहितो. पण महापालिकेच्या विवरणात एकत्र कुटुंबही येतं. सर्व्हे नंबर, एकर-गुंठे, उताऱ्यावर कुणाचं नाव, आपला हिस्सा किती आणि वाटणी झालेली नाही, असं सरळ लिहून टाका. दागिने तोळ्यांत आणि कुणाचे ते लिहा. लिहिण्याआधी निवडणुकीचं शपथपत्र शेजारी उघडून ठेवा. ते जाहीर असतं, विवरण पालिकेच्या दप्तरात असतं, आणि माहिती अधिकारात दोन्ही समोरासमोर ठेवायला विरोधकाला एक अर्ज पुरतो. आकडा बदलला असेल तर का बदलला, हे एका ओळीत नमूद करा.

याशिवाय लोकायुक्तांकडेही विवरण द्यावं लागतं, ते वेगळं. 1984 च्या कर्नाटक लोकायुक्त कायद्याच्या कलम 22 खाली ते दरवर्षी 30 जूनपूर्वी जातं, आणि तिथे कुटुंब म्हणजे पती किंवा पत्नी आणि अवलंबून असलेली मुलं व आई-वडील. कर्जही त्यात दाखवायचं असतं. म्हणून एकाची झेरॉक्स दुसरीकडे लावू नका.

दिवाळीचा डबा आणि त्याच्या खालचं पाकीट

सरकारी नोकराच्या आचारसंहितेतले भेटवस्तूंचे नियम नगरसेवकाला लागू होत नाहीत, म्हणून काहींना मोकळं रान वाटतं. तसं नाही. नगरसेवक हा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली लोकसेवकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये मनीष त्रिवेदी खटल्यात स्पष्ट केलंय. त्या कायद्याचं कलम 11 तर नीट वाचावं असं आहे. ज्याचं काम आपल्यासमोर आहे किंवा येण्यासारखं आहे, त्याच्याकडून मौल्यवान वस्तू फुकट किंवा अपुऱ्या किमतीत घेणं हाच गुन्हा, शिक्षा 6 महिन्यांपासून 5 वर्षांपर्यंत. लेआउटवाल्याने निम्म्या दरात दिलेला प्लॉटही यात येतो. त्याला ‘सवलत’ म्हणून चालत नाही.

सणाला शेजाऱ्याने कुंदा आणून दिला तर कुणी हिशेब मागणार नाही. रस्त्याच्या कामाचं बिल अडकलेला ठेकेदार काजूच्या डब्याखाली चांदीचं नाणं ठेवून जातो तेव्हा मात्र परत करा, आणि त्याच दिवशी वहीत लिहा: तारीख, कुणी दिलं, काय दिलं, त्याचं कुठलं काम पालिकेत आहे, कुणाच्या हाती परत केलं. गल्लीच्या गणेशोत्सव मंडळाला ठेकेदाराची देणगी आली तर पावती मंडळाच्या नावे फाडा आणि पैसे स्वतःच्या हाती घेऊ नका.

मुलीच्या लग्नातला आहेर हा आणखी एक गैरसमज. आयकरात लग्नाची सूट ज्याचं लग्न त्याला मिळते, बापाला नाही. नातेवाइकांखेरीज इतरांकडून वर्षभरात तुमच्या नावे 50,000 रुपयांपेक्षा जास्त आलं, तर ते तुमचं उत्पन्न धरलं जातं. आहेराची यादी जपून ठेवा.

न वाचता केलेली सही

फॉर्म कन्नडमध्ये, भरणारा कारकून किंवा कार्यकर्ता, आणि सही आपली. मराठीतून कागदपत्रं मिळावीत ही आपली मागणी रास्त आहे, ती लावून धरायलाच हवी. पण मुदत तिच्यासाठी थांबत नाही. कन्नड नीट जाणणाऱ्या विश्वासू माणसाकडून रकाना न् रकाना वाचून घ्या, आणि रिकामा रकाना सोडण्याऐवजी त्यात ‘निरंक’ लिहा.

मुदत हुकलीच असेल तर पुढच्या वर्षाची वाट बघू नका. उशीर का झाला हे सांगणारं पत्र जोडून विवरण आजच द्या. आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नका.